वेस्लींनी गाळलेला लेंट

सप्टेंबर १७८४. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली तेव्हा ८१ वर्षांचे होते. अमेरिकेतल्या आपल्या अनुयायांसाठी त्यांनी उपासनेचे एक पुस्तक तयार केले आणि जहाजाने तिकडे धाडले. चर्च ऑफ इंग्लंडचे प्रार्थनापुस्तक समोर ठेवून त्यांनी ते बेतले होते, पण कात्री सढळ हाताने चालवली होती. संतांचे दिवस गेले. राखेचा बुधवार गेला. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, तोही गेला. नाताळनंतरचे रविवार पहिला, दुसरा, तिसरा असे मोजत जायचे आणि ईस्टरच्या आदल्या रविवारी येऊन थांबायचे, एवढीच सोय त्यांनी ठेवली. सणवार का गाळले याचा खुलासा प्रस्तावनेत एका ओळीत आहे. त्यातल्या बहुतेकांचा आजच्या घडीला काही उपयोग होत नाही, असे वेस्लींचे मत होते.

आता आजच्या एखाद्या मेथडिस्ट मंडळीत फेब्रुवारी-मार्चमध्ये डोकावून पाहा. सूचनाफलकावर लेंटचे वेळापत्रक लागलेले असते. राखेच्या बुधवारची उपासना, दर शुक्रवारची उपास-प्रार्थना, घरोघरच्या कॉटेज मीटिंगांची यादी, झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवारचे प्रभुभोजन, गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना आणि शेवटी ईस्टरची पहाट. संस्थापकाने जे गाळले, ते अनुयायांनी इतक्या हौसेने परत कसे आणले? हे समजून घेतले की मेथडिस्ट पंथाचा स्वभावही उलगडतो.

चाळीस दिवसांचा हिशेब

आधी दिनदर्शिका नीट पाहू. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, कारण तो चंद्रावर ठरतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यानच पडतो. पंचांग पाहणाऱ्या माणसाला हे सोपे जाते. ईस्टर बहुधा होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागोमाग येतो. २०२४ साली २४ मार्चला होळी झाली आणि ३१ मार्चला ईस्टर. २०२६ साली २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ एप्रिलला ईस्टर. मात्र चर्चची पौर्णिमा आकाशातला चंद्र पाहून ठरत नाही. ती ठरलेल्या कोष्टकावरून काढतात, त्यामुळे कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

ईस्टर ठरला की उलटे मोजायचे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. २०२६ साली १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल असा हा काळ होता. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, आणि त्या दिवशी उपास करायचा नाही अशी जुनी रीत आहे. उरलेले चाळीस दिवस येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपासाची आठवण म्हणून पाळायचे.

वेस्लींचा राग कशावर होता?

वेस्लींना उपासाचे वावडे होते असे कोणाला वाटेल. खरी गोष्ट अगदी उलट आहे. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन, त्यांचा धाकटा भाऊ चार्ल्स आणि त्यांचे काही मित्र एकत्र जमू लागले. ही मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत अन्न घेत नसत. तुरुंगातल्या कैद्यांना भेटत, गरिबांच्या मुलांना शिकवत. प्रत्येक गोष्ट वेळापत्रक आखून, शिस्तीत करण्याच्या त्यांच्या सवयीची विद्यापीठात टिंगल होई आणि त्या टिंगलीतूनच त्यांना ‘मेथडिस्ट’ हे नाव चिकटले.

ज्या पुस्तकातून वेस्लींनी लेंट काढला, त्यात उपासाचे दिवस कोणते हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. नाताळ शुक्रवारी आला तर तो सोडून वर्षातले सगळे शुक्रवार. म्हणजे चाळीस दिवस काढले तरी पन्नासाहून अधिक दिवस त्यांनी कायम ठेवले! गुड फ्रायडे, ईस्टर, स्वर्गारोहण आणि नाताळ हे दिवस तर त्यांनी राखलेच होते. हे ध्यानात घेतले की त्यांचा रोख कळतो. दीड महिना कडकडीत पाळायचे आणि उरलेले साडेदहा महिने मोकळे, ही पद्धत त्यांना मान्य नसावी. उपास हंगामी असू नये, तो आठवड्याच्या आठवड्याला अंगवळणी पडावा, असा त्यांचा आग्रह दिसतो.

उपासाला हिशेबाची जोडही हवी, असे ते सांगत. ‘अधिक चांगला मार्ग’ या अर्थाच्या शीर्षकाच्या एका प्रवचनात त्यांनी ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा जमाखर्च मांडला आहे. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत त्याने वर्ष काढले आणि २ पौंड दान केले. पुढच्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली, खर्च २८ आणि दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० पौंड आले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० आले, ९२ दिले. मिळकत चौपट झाली तरी राहणीमान जागच्या जागी. हा तरुण म्हणजे खुद्द वेस्लीच, असे अभ्यासक मानतात. लेंटमध्ये आज जी दानाची पाकिटे किंवा डबे घरोघरी दिले जातात, त्यांच्यामागचा विचार हाच आहे. न खाल्लेल्या घासाचे पैसे आपल्याच खिशात राहिले, तर तो उपास नसून काटकसर ठरते.

एक पेनी आणि बारा माणसे

मेथडिस्टांचा लेंट ‘एकत्र’ पाळला जातो, या एकत्रपणाचे मूळ मात्र एका कर्जात आहे. ब्रिस्टल शहरात मेथडिस्टांनी ‘न्यू रूम’ नावाची इमारत बांधली आणि डोक्यावर कर्ज झाले. ते फेडायचे कसे, यावर १५ फेब्रुवारी १७४२ रोजी बैठक बसली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले. पुष्कळांना तेवढीही ऐपत नाही, अशी हरकत निघाली. त्यावर फॉय म्हणाला, सर्वांत गरीब अकरा माणसे माझ्याकडे द्या. ती देतील तर ठीक, नाहीतर त्यांची पेनी मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा शेजारी वाटून घ्यावेत.

पेनी गोळा करायला हे लोक दर आठवड्याला घरोघरी जाऊ लागले आणि मग भलतेच काही दिसू लागले. कोणाच्या घरी आजारपण होते, कोणी दारू पिऊन बायकोला मारत होता, कोणाचे काम सुटले होते. हे कानावर येताच वेस्लींच्या ध्यानात आले की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. कर्जफेडीसाठी केलेली ही विभागणी पुढे ‘क्लास’ म्हणून मेथडिस्ट जीवनाचा कणा झाली. दहा-बारा जण आठवड्यातून एकदा एका घरात बसत आणि गेल्या आठवड्यात कसे वागलो, कुठे घसरलो, हे एकमेकांना सांगत. १७४३ साली वेस्लींनी या लोकांसाठी तीन नियम छापले: कोणाचे वाईट करू नका, होईल तितके भले करा आणि देवाने लावून दिलेल्या साधना सोडू नका. तिसऱ्या नियमातल्या साधनांच्या यादीत प्रार्थना, शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन यांच्या जोडीला उपासही आहे.

हीच पद्धत मुंबईत आली. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक नोव्हेंबर १८७१ मध्ये मुंबईत सभा घेऊ लागला. त्याच्या सभांतून जे लोक पुढे आले, त्यांच्यासाठी त्याने आधी इमारत उभारली नाही. त्याने घराघरांत त्यांचे छोटे गट बसवले. परदेशी मिशनच्या पैशावर मंडळी उभी राहू नये, स्थानिक लोकांनीच आपला भार उचलावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याला येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. हे १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार सोडून ते वस्तीत अगदी साधेपणाने राहत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक चालवत. अपोलो बंदराजवळचे बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. पुण्यातही मेथडिस्ट सभा सुरू झाल्या. तिथे या पंथात आलेला विल्यम ओल्डहॅम हा भूमापन खात्यातला तरुण पुढे १८८५ मध्ये सिंगापूरला गेला आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीचा संस्थापक झाला.

क्लासची जुनी पद्धत आता बहुतेक ठिकाणी मोडली आहे. पण लेंट आला की ती वेगळ्या नावाने जिवंत होते. मराठी मंडळ्यांत हिला कॉटेज मीटिंग म्हणतात. आज या वाड्यात, पुढच्या आठवड्यात त्या सोसायटीत. दिवाणखान्यातले टेबल भिंतीला लागते, सतरंजी पसरली जाते. पेटी असली तर पेटी, नाहीतर टाळ्यांवर गीत सुरू होते. ना. वा. टिळकांची भजने अशा वेळी हमखास निघतात. टिळक स्वतः मेथडिस्ट नव्हते, पण त्यांच्या गीतांना पंथाची सीमा कधी पडली नाही. मग वचन, एखाद्याची साक्ष आणि विनंत्यांची यादी. मुलाची दहावी, सासूबाईंचे ऑपरेशन, अडकलेली बदली. चहा येतो आणि त्यातही कोणीतरी ‘लेंटमध्ये चहा सोडलाय’ म्हणून कप परत करतो. फॉय कप्तानाला पेनी गोळा करताना जे दिसले, ते पाळकांना इथे दिसते.

राख परत आली

अमेरिकेत वेस्लींचे पुस्तक फार काळ टिकले नाही. १७९२ मध्ये तिथल्या मंडळीने त्याचा बराचसा भाग बाजूला ठेवला. घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांना छापील प्रार्थनांपेक्षा उत्स्फूर्त प्रार्थना जवळची वाटे. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे लेंट म्हणजे कॅथलिकांची आणि अँग्लिकनांची गोष्ट, अशीच बऱ्याच मेथडिस्टांची समजूत होती.

विसाव्या शतकात वारे फिरले. पंथापंथांत बोलणे सुरू झाले, आद्य ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेचा अभ्यास वाढला आणि लेंट ही कोणा एका पंथाची मालमत्ता नाही हे पटत गेले. मुळात तो ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा काळ होता आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबर उपास करीत असे. १९७९ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्चने राखेच्या बुधवारपासून ईस्टरनंतर येणाऱ्या ‘पन्नासाव्या दिवसाच्या सणा’पर्यंतच्या उपासनांचे पुस्तक काढले. कपाळी राख लावण्याचा विधीही त्यात आला. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या जपून ठेवायच्या, त्या जाळून राख करायची आणि पाळकांनी बोटाने कपाळावर वधस्तंभाची खूण काढायची. आपल्याकडे सगळ्याच मेथडिस्ट मंडळ्या राख लावत नाहीत. काही ठिकाणी त्या संध्याकाळी नुसती पश्चात्तापाची उपासना होते. या बाबतीत सक्ती नाही, आणि सक्ती नसणे हेही वेस्लींच्याच परंपरेतले.

घरातले पथ्यही असेच ज्याचे त्याचे. बऱ्याच कुटुंबांत मटण-मासे बंद होतात, लग्न-साखरपुडे ईस्टरपलीकडे ढकलले जातात. तरुण मुले मोबाइलवरचे खेळ किंवा मालिका सोडतात. कोण काय सोडतो हे दुसऱ्याने तपासायचे नसते. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला मात्र सगळ्यांनी यावे, अशी अपेक्षा असते.

पवित्र सप्ताह: उसने घेतलेले, आपले केलेले

शेवटच्या आठवड्यातला जवळजवळ प्रत्येक विधी मेथडिस्टांनी कुणाकडून तरी घेतला आहे आणि त्यावर स्वतःची छाप उमटवली आहे.

झावळ्यांच्या रविवारी मुले पुढे आणि मोठे मागे अशी फेरी निघते. आपल्याकडे शिंदीच्या किंवा नारळाच्या झावळ्या चालतात. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ प्रभुभोजन होते. इथे प्याल्यात दारू नसते, द्राक्षांचा न आंबवलेला रस असतो. याचे श्रेय एका मेथडिस्ट दंतवैद्याकडे जाते. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावचे थॉमस ब्रॅमवेल वेल्च दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. प्रभूच्या मेजावर तरी मद्य नको, या तळमळीने त्यांनी १८६९ मध्ये द्राक्षरसाच्या बाटल्या गरम पाण्यात तापवून रस आंबू न देण्याची युक्ती साधली. लुई पाश्चरचे संशोधन तेव्हा ताजे होते. वेल्च यांच्या मुलाने पुढे याचा मोठा धंदा केला, पण सुरुवात झाली ती चर्चच्या प्याल्यासाठी. आपल्याकडे अनेक ठिकाणी काळ्या मनुका उकळून घरीच हा रस करतात.

गुड फ्रायडेची बारा ते तीन ही उपासना आली दक्षिण अमेरिकेतून. १६८७ मध्ये पेरू देशातील लिमा शहर भूकंपाने हादरले. त्यानंतर तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर तीन तास मनन करण्याची भक्ती सुरू केली. अलोन्सो मेसिया या जेझुइटाने तिला घाट दिला. तिथून ती स्पेन आणि रोममध्ये गेली, पुढे अँग्लिकनांनी उचलली आणि हळूहळू प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही रुळली. स्पेनमधल्या कादिस शहरातल्या याच उपासनेसाठी हायडन या संगीतकाराने १७८०च्या दशकात सात उद्गारांवर वाद्यसंगीत रचले होते.

मेथडिस्टांनी यात काय घातले? वक्ते. कॅथलिक परंपरेत बोलणारा पाद्री. मराठी मेथडिस्ट मंडळीत सात उद्गारांसाठी बहुधा सात जण उभे राहतात. क्षमेच्या उद्गारावर एखाद्या निवृत्त शिक्षिका बोलतात, आईला शिष्याच्या हाती सोपवण्याच्या उद्गारावर महिला मंडळातल्या कुणी, तहानेच्या उद्गारावर युवक संघातला मुलगा. दोन उद्गारांच्या मध्ये गीत आणि प्रार्थना. काहींचे बोलणे लांबते, पाळक घड्याळाकडे पाहतात, पंखे गरगरत असतात, बाहेर एप्रिलचे ऊन. पण दीक्षा न घेतलेल्या माणसाने मंडळीपुढे उपदेश करण्याचा हा हक्क फुकटात मिळालेला नाही. थॉमस मॅक्सफील्ड हा साधा माणूस उपदेश करू लागल्याचे कळताच वेस्ली त्याला थांबवायला निघाले होते. आधी त्याचे ऐक आणि मग ठरव, असे त्यांना त्यांच्या आईने, सुझॅना वेस्लींनी बजावले. त्यांनी ऐकले आणि मत बदलले. साध्या माणसांचा उपदेश नसता तर ही चळवळ इंग्लंडबाहेर पडणे कठीण होते.

पहाट

ईस्टरच्या पहाटेची उपासना मोरेव्हियन पंथाची देणगी. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १७३२ मध्ये काही तरुण उजाडण्याआधी गावच्या टेकडीवरील दफनभूमीत जमले आणि त्यांनी पुनरुत्थानाची गीते गायली. पुढे सारे गाव जाऊ लागले. वेस्लींचा या लोकांशी संबंध आला तो भर समुद्रात. जानेवारी १७३६ मध्ये अमेरिकेला जाताना त्यांचे जहाज वादळात सापडले. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोरेव्हियन शांतपणे स्तोत्र गात होते. त्यांच्या या धीराचा वेस्लींवर जन्मभर परिणाम राहिला. मोरेव्हियनांकडूनच त्यांनी प्रीतिभोजन घेतले. दोन कानांच्या मोठ्या प्याल्यातले पाणी आणि साधा पाव किंवा केक हातोहात फिरायचा, आणि ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपला अनुभव सांगायचा. बायकांनाही इथे बोलण्याची मुभा होती, आणि अठराव्या शतकात ही लहान गोष्ट नव्हती.

ईस्टरचे सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी गीत चार्ल्स वेस्लींचे. ते १७३९ मध्ये छापले गेले. आज त्यातल्या प्रत्येक ओळीअखेर जो ‘हल्लेलूया’ गर्जतो, तो मुळात चार्ल्सनी लिहिलेलाच नव्हता. चालीत शब्द बसावेत म्हणून नंतरच्या लोकांनी तो घातला. जुन्या रीतीप्रमाणे लेंटभर हा शब्द उच्चारायचा नसतो, त्यामुळे ईस्टरला तो मोकळ्या गळ्याने गाण्यात वेगळीच मजा असते.

पहाटेच्या उपासनेनंतर दफनभूमीत जाऊन कबरींवर फुले वाहतात. एकमेकांना ‘प्रभू उठला आहे’ म्हणायचे, आणि समोरच्याने ‘खरोखर उठला आहे’ म्हणून उत्तर द्यायचे. मग चर्चच्या आवारात चहा-नाश्ता आणि घरोघरी दीड महिन्याने मटण शिजते. काही शहरांत ही पहाट सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून साजरी करतात. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक पंथांनी एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तेव्हा अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. संघटना वेगळ्या राहिल्या तरी गुड फ्रायडे आणि ईस्टर एकत्र पाळायला कोणाची ना नसते.

मग वेस्ली चुकले की अनुयायी? दोघेही नाही. वेस्लींनी लेंट गाळला, तो बहुधा एक हंगाम पाळला की वर्षभराची सुट्टी मिळते असे लोकांनी मानू नये म्हणून. अनुयायांनी तो परत आणला, कारण वर्षभराची शिस्त सुटली होती आणि निदान चाळीस दिवस तरी एकमेकांच्या घरी जाऊन बसण्याची गरज होती. तेव्हा एखाद्या मंडळीचा लेंट खरा झाला की नाही हे गुड फ्रायडेच्या गर्दीवरून ठरवू नये. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी किती जण प्रार्थनेला आले आणि ज्यांच्या घरी लेंटमध्ये सतरंजी पसरली होती त्यांची पावसाळ्यात कोणी विचारपूस केली का, हे पाहावे. वेस्ली आज असते तर त्यांनी हाच हिशेब मागितला असता.